चाळिशीचे डोळे आणि आजोबांची माउझर

नोव्हेंबर उजाडला की जर्मनीत बंदुका दुरुस्त करणाऱ्या कारागिरांकडे एक ठरावीक गिऱ्हाईक येतं. वय पंचावन्न-साठ. हातात खोळीत गुंडाळलेली माउझर रायफल, आजोबांकडून वडिलांकडे आणि वडिलांकडून त्याच्याकडे आलेली. अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता हाताच्या घामानं काळपट झालेला, नळीवरचा निळा मुलामा जागोजागी घासून पांढरा पडलेला. तक्रार एकच असते: पूर्वी हिच्यावर रानडुक्कर हमखास पडायचं, आता गोळी कुठे जाते कळत नाही. कारागीर बोल्ट काढून नळीत डोकावतो. आतले आटे शाबूत असतात. टेकूवर ठेवून झाडली तर शंभर मीटरवर तीन गोळ्या तळहाताएवढ्या जागेत लागतात. म्हणजे रायफल ठीक आहे. बदललाय तो तिच्यामागचा डोळा.

अशा रायफलवर कोणती साइट बसवावी, हा प्रश्न वरवर दुकानदारीचा वाटतो. कॅटलॉग उघडायचा, किंमत बघायची, एक दुर्बीण घ्यायची आणि बसवून टाकायची. पण जुनी रायफल, धावतं जनावर आणि वय झालेली नजर असे तीन हट्टी पक्ष एकत्र आले की निवड सोपी राहत नाही. आधी डोळा, मग दस्ता आणि सगळ्यात शेवटी काच, या क्रमानं विचार केला तर उत्तर सापडतं. बहुतेक लोक नेमका उलटा क्रम धरतात. फसगत होते ती तिथेच.

डोळ्यापासून सुरुवात करू. एक प्रयोग घरबसल्या करता येईल. हात लांब करून अंगठा उभा धरा आणि त्याच्या टोकावरून लांबचा माड किंवा समोरच्या इमारतीची खिडकी बघा. नखावरची रेघ स्पष्ट दिसते तेव्हा माड धूसर होतो. माडाच्या झावळ्या स्पष्ट झाल्या की अंगठ्याच्या कडा विरघळतात आणि एकाचे दोन अंगठे दिसू लागतात. डोळा एका वेळी एकाच अंतरावर रोखता येतो. साध्या साइटच्या रायफलमध्ये नेम धरणाऱ्याला अंगठा आणि माड एवढ्यावरच भागवता येत नाही. नळीवर मागच्या बाजूला खाच असते, डोळ्यापासून साधारण चाळीस-पंचेचाळीस सेंटिमीटरवर. नळीच्या टोकाला माशी असते, म्हणजे पुढचा उभा मणी किंवा काटा. ती जवळजवळ एक मीटरवर. आणि तिसरं ते जनावर, पन्नास मीटरवर. खाचेत माशी आणि माशीवर जनावर, अशी तिन्हींची एक रेषा जुळवायची. विशीतल्या डोळ्यातलं भिंग लवचिक असतं. ते या तीन अंतरांवरून इतक्या चपळाईनं फिरतं की माणसाला तिन्ही एकदमच स्पष्ट दिसल्यासारखी वाटतात.

मग चाळिशी लागते. मराठीनं वाचायच्या चष्म्यालाच हे नाव देऊन टाकलंय, इतकं ते वय आणि तो दोष एकमेकांना चिकटलेले आहेत. डोळ्यातलं भिंग वर्षागणिक कडक होत जातं आणि जवळच्या वस्तूवर रोखायची त्याची ताकद कमी होते. वर्तमानपत्र हातभर लांब धरावं लागतं. रायफलवर आधी जाते ती मागची खाच, कारण ती सर्वांत जवळ. पन्नाशी उलटली की माशीही कापसाच्या बोंडासारखी दिसू लागते. वाचायचा चष्मा लावला तर माशी सुधारते, पण डुक्कर धुक्यात जातं. ज्याचं डुक्कर धुक्यात आहे त्यानं गोळी झाडूच नये. त्या धुक्यात डुकराऐवजी हाकाऱ्यांचा कुत्राही असू शकतो.

आता जनावराकडे वळू. युरोपात रानडुकरांची संख्या गेल्या काही दशकांत प्रचंड वाढली आहे. मक्याची शेती पसरली, हिवाळे सौम्य झाले, ओक आणि बीचच्या झाडांना भरघोस फळ धरणारी वर्षं वारंवार येऊ लागली. जर्मनीत २०१९-२० च्या हंगामात सुमारे ८,८२,००० रानडुकरं मारली गेली. पुढच्याच वर्षी, सप्टेंबर २०२० मध्ये, ब्रांडेनबुर्ग राज्यात आफ्रिकन स्वाइन फीवरनं मेलेलं पहिलं रानडुक्कर सापडलं आणि संख्या आटोक्यात ठेवण्याची निकड आणखी वाढली. तिथे ही शिकार परवानाधारकांचं एक नियमबद्ध काम आहे. कठीण परीक्षा देऊन परवाना मिळवावा लागतो. मोठ्या जनावरांसाठी गोळीचा व्यास किमान ६.५ मिलिमीटर आणि शंभर मीटरवर तिची ऊर्जा किमान २,००० ज्यूल हवी, असा कायदा आहे. जुन्या माउझरची ८×५७ किंवा ९.३×६२ ची काडतुसं ही अट सहज पार करतात. ताकदीची उणीव तिथे नाहीच.

अडचण आहे वेळेची. हिवाळ्यातल्या तिथल्या हाक्याला ड्र्यूकयाग्ड म्हणतात. हाकारे आणि कुत्री जंगलात हळूहळू पुढे सरकत जनावरांना दाबत नेतात, आणि ठरलेल्या जागी उभे असलेले शिकारी आपापल्या पट्ट्यात वाट बघतात. डुक्कर झुडपातून निघतं, दहा-पंधरा मीटरचा मोकळा पट्टा ओलांडतं आणि पलीकडच्या झुडपात शिरतं. साधं धावणारं डुक्कर सेकंदाला आठ मीटर जातं, बिथरलेलं त्याहून जास्त. एवढ्या वेळात जनावर ओळखायचं, मागे पिल्लं नाहीत ना हे पाहायचं, गोळी आरपार गेली तर पलीकडे माती आहे की माणूस हे बघायचं, मग नेम आणि मग चाप.

थोडा हिशेब करू. ८×५७ ची गोळी पहिल्या पन्नास मीटरमध्ये सरासरी सेकंदाला सुमारे ७५० मीटर वेगानं जाते, म्हणजे पोचायला सेकंदाचा पंधरावा भाग लागतो. तेवढ्यात सेकंदाला आठ मीटर धावणारं डुक्कर अर्धा मीटर पुढे सरकलेलं असतं. खांद्यावर धरलेला नेम पोटात जातो. पोटात गोळी लागलेलं डुक्कर मैलभर जातं आणि कुठल्यातरी काट्यांच्या जाळीत तासन्‌तास तडफडतं. दुसऱ्या दिवशी माग काढणारं कुत्रं घेऊन कुणीतरी त्या जखमी, संतापलेल्या जनावराच्या समोर जातं. साइटची निवड या तासांशी बांधलेली आहे. म्हणून मला ती शौकाची बाब वाटत नाही.

डुकराच्या अंगरचनेतही एक फसवी गोष्ट आहे. हिवाळ्यात पाठीवरची आयाळ दाट आणि उभी असते, त्यामुळे जनावर आहे त्यापेक्षा उंच दिसतं. हृदय मात्र अगदी खाली, पुढच्या पायांच्या मध्ये. दिसणाऱ्या आकाराच्या मधोमध नेम धरणाऱ्याची गोळी हृदयाच्या बरीच वरून निघून जाते. म्हणजे नुसती माशी जनावरावर टेकवून चालत नाही, जनावराचा खालचा तिसरा भाग उघडा दिसायला हवा. आणि साध्या साइटमध्ये नेमका तोच झाकला जातो. खाच, माशी आणि त्याखालची सगळी नळी जनावराचा खालचा भाग गिळून टाकतात.

आपल्याकडे रानडुक्कर म्हटलं की भातशेती, भुईमूग, ऊस यांची नासाडी आठवते. पण १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे वनखात्याच्या परवानगीवाचून त्याला मारता येत नाही, आणि हौसेची शिकार तर इथे बंदच आहे. तरी कोकणात शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची बारा बोरची बंदूक घराच्या कोपऱ्यात टांगलेली पुष्कळांनी पाहिली असेल. तिच्या नळीच्या टोकाला फक्त एक पितळी मणी असतो. मागे खाच नसतेच. तरीही जाणता माणूस तिच्यानं उडतं पाखरू पाडतो, ते कसं? कारण तिथे मागची साइट म्हणजे माणसाचा डोळाच. गाल दस्त्यावर दर वेळी त्याच जागी टेकला की डोळाही त्याच जागी येतो आणि नळी बघाल तिकडे वळते. दस्ता अंगाला बसतो की नाही यावर त्या बंदुकीचं सगळं अवलंबून असतं. युरोपातल्या जुन्या रायफलच्या साइटचा प्रश्नही इथूनच सुटतो, म्हणून ती कोकणातली बंदूक मध्येच आठवली.

माउझर कंपनीचं ९८ हे मॉडेल १८९८ साली जर्मनीच्या लष्करानं स्वीकारलं. ओबेर्नडोर्फ गावातल्या त्या कारखान्याची यंत्रणा इतकी भरवशाची निघाली की पुढे जगभरच्या शिकारी रायफली तिच्यावर बेतल्या गेल्या. बर्लिनचे कारागीर ओटो बॉक यांनी १९०५ मध्ये ९.३×६२ हे काडतूस बेतलं ते याच यंत्रणेसाठी; आफ्रिकेतल्या वसाहतकऱ्यांसाठी काढलेलं हे काडतूस आज उत्तर युरोपात डुकरांवर आणि मूसवर वापरलं जातं. त्या काळी रायफलचा दस्ता साध्या साइटसाठी घडवत. गाल टेकायची कड खाली उतरती ठेवत, म्हणजे डोळा थेट नळीच्या रेषेत येई. आता या दस्त्यावर उंच दुर्बीण चढवली की काय होतं? दुर्बिणीतून बघायला डोकं उचलावं लागतं, गाल लाकडावरून सुटतो आणि हनुवटी कशीबशी टेकते. कोकणातल्या बंदुकीची मागची साइटच हरवल्यासारखं होतं. डोळा दर वेळी वेगळ्या जागी. दुर्बिणीत काळी सावली फिरते, ती सावरेपर्यंत डुक्कर पलीकडे गेलेलं असतं.

त्यातून माउझरची आणखी एक खोड. तिचा सेफ्टीचा खटका म्हणजे बोल्टच्या मागच्या टोकावर बसवलेला एक छोटा झेंडा. डावीकडे आडवा असताना रायफल झाडता येते, उजवीकडे आडवा केला की बोल्टसकट सगळं बंद. एका बाजूकडून दुसरीकडे जाताना तो उभा होऊन वरून वळतो. नळीला लागून खाली बसवलेली दुर्बीण त्याच्या वाटेत येते. लष्करी माउझरचा सरळ आडवा बोल्टचा दांडाही वर उचलला की दुर्बिणीला आपटतो. म्हणजे दुर्बीण खाली बसवावी तर खटका अडतो, वर बसवावी तर गाल सुटतो. या कोंडीतून सुटायला कारागीर खटका बदलतात, दांडा वाकवतात किंवा गाल टेकायच्या जागी चामड्याची गादी बांधून उंची वाढवतात. ती गादी हा सर्वांत स्वस्त उपाय आहे. रायफलचं काही बिघडत नाही आणि नको वाटली की सोडून ठेवता येते.

पण त्याही आधी एक तपासणी करायलाच हवी. जुन्या जर्मन रायफलवर ८×५७ असं कोरलेलं असतं, तेवढं वाचून बाजारातली काडतुसं भरू नयेत. सुरुवातीच्या नळ्या ८.०८ मिलिमीटर व्यासाच्या गोळीसाठी होत्या. पुढे गोळी ८.२२ मिलिमीटरची झाली आणि तिच्या खुणेत 'एस' हे अक्षर आलं. फरक केसाएवढा वाटतो, पण अरुंद नळीत जाड गोळी ढकलली तर आतला दाब धोक्याच्या पलीकडे जाऊ शकतो. ज्या रायफलचा व्यास मोजलेला नाही आणि जिच्या दाबचाचणीच्या खुणा वाचलेल्या नाहीत, तिच्यावर साइट बसवण्याच्या गोष्टी करूच नयेत. आधी मोजमाप.

आजोबांच्या रायफलवर बऱ्याचदा आजोबांचीच दुर्बीणही असते. थुरिंगियातल्या झूल या गावच्या कारागिरांच्या नावानं ओळखल्या जाणाऱ्या नखांच्या बैठकीवर ती बसवलेली. दुर्बिणीच्या पोटाला चार पोलादी नखं, रायफलच्या पाठीवर त्यांच्या मापाच्या चार खाचा. पुढची दोन नखं अडकवायची, मागची दोन दाबायची, आणि टक् असा एक भरीव आवाज येतो. काढून पुन्हा लावली तरी नेम हलत नाही, कारण प्रत्येक नख कानशीनं घासून त्याच रायफलच्या खाचेत बसवलेलं असतं. हे काम कित्येक तासांचं, आणि आज ते करणारे हात थोडेच उरलेत. अशी बैठक ज्याच्याकडे आहे त्यानं ती जपावी. तिच्यावर दुसरी दुर्बीण चढवून घेता येते.

त्या जुन्या दुर्बिणीच्या काचेबद्दल मात्र हळवं होऊ नये. हवेतून काचेत किंवा काचेतून हवेत जाताना दर पृष्ठभागावर सुमारे चार टक्के प्रकाश मागे परततो. दुर्बिणीत असे दहा पृष्ठभाग असले, तर शेवटी डोळ्यापर्यंत पोचतो तो जेमतेम दोन तृतीयांश. बाकीचा प्रकाश आतल्या आत आपटत राहतो आणि चित्रावर दुधाळ पडदा धरतो. यावरचा उपाय काढला झाइस कंपनीच्या अलेक्झांडर स्मकुला यांनी, १९३५ मध्ये. काचेवर प्रकाशाच्या तरंगलांबीच्या पावपट जाडीचा थर दिला की मागे परतणाऱ्या लहरी एकमेकींना मारतात आणि प्रकाश पुढे जातो. हा शोध काही वर्षं लष्करी गुपित राहिला, त्यामुळे दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या शिकारी दुर्बिणी साधारणपणे या थराशिवायच्या आहेत. भर दुपारी त्या बऱ्या दिसतात. डुक्कर मात्र दुपारी भेटत नाही. शिवाय अनेक जुन्या दुर्बिणींत नेम जुळवायला फिरकी फिरवली की फुलीच सरकते आणि चित्राच्या एका कोपऱ्यात जाऊन बसते. धावत्या जनावरावर डोळा आपोआप मध्य शोधतो आणि फुली असते भलतीकडे.

नवी दुर्बीण घ्यायची तर वाढवलेल्या आकड्याचा मोह आवरावा लागतो. सहापट मोठं दिसलं की नेम सहापट चांगला, असा समज सार्वत्रिक आहे. सहापट दुर्बिणीतून शंभर मीटरवर सात मीटरच्या आसपास रुंदीचा पट्टा दिसतो. चाळीस मीटरवर तो तीन मीटरहूनही कमी. आठ मीटर वेगानं धावणारं डुक्कर हा पट्टा सेकंदाच्या एक तृतीयांशात ओलांडतं. दुर्बिणीत नुसते काळे केस सरकताना दिसतात, डोकं कुठे आणि शेपूट कुठे कळत नाही. एकपटीची दुर्बीण मात्र शंभर मीटरवर चाळीसेक मीटरचा पट्टा दाखवते. हाक्यासाठी एक ते चारपट किंवा एक ते सहापट अशी कमी-जास्त होणारी, मध्यावर प्रकाशाचा ठिपका असलेली दुर्बीण म्हणूनच लोकप्रिय झाली. हाक्यात ती एकपटीवरच ठेवायची. रुंद पट्टा सुरक्षिततेचाही आहे, कारण कडेनं येणारा हाकारा त्यात दिसतो. तरी एक अडचण उरते. दुर्बिणीमागे डोळा आठ-नऊ सेंटिमीटरवर नेमका बसावा लागतो, आणि उतरत्या दस्त्याच्या माउझरवर तोच बसत नाही.

म्हणून माझं माप लाल ठिपक्याच्या साइटकडे झुकतं. तिची मूळ कल्पना डब्लिनच्या हॉवर्ड ग्रब यांची. ते खगोलशास्त्रीय दुर्बिणी बनवत. नेमाची खूण आरशातून परावर्तित करून अनंत अंतरावर दिसेल अशी युक्ती त्यांनी १९०० मध्ये मांडली. ती शिकाऱ्याच्या हातात आली १९७५ मध्ये, स्वीडनच्या एमपॉइंट कंपनीनं छोटा लाल एलईडी दिवा वापरून साइट काढली तेव्हा. आतली रचना साधी आहे. दिवा एका बाजूला, समोर वाकडी काच, आणि काचेवर लाल रंग तेवढा परतवणारा थर. दिवा त्या काचेच्या नाभीवर ठेवलेला असल्यानं परतलेले किरण समांतर होऊन डोळ्यात येतात. समांतर किरण म्हणजे डोळ्याच्या लेखी फार लांबून आलेले. ठिपका आहे डोळ्यासमोर वीतभर अंतरावर, पण दिसतो जनावरावर टेकल्यासारखा.

चाळिशीच्या डोळ्याला याचा अर्थ फार मोठा आहे. खाच, माशी आणि जनावर या तिन्हींचं काम आता एका अंतरावर आलं. डोळ्यानं फक्त डुकराकडे बघायचं. दोन्ही डोळे उघडे ठेवता येतात, त्यामुळे आजूबाजूचं जंगल, कुत्री, शेजारच्या जागेवरचा माणूस नजरेतून जात नाहीत. डोळा काचेमागे थोडा इकडेतिकडे झाला तरी हाक्याच्या अंतरांवर ठिपका दाखवतो तिथेच गोळी जाते. काळी सावली नाही, आठ-नऊ सेंटिमीटरचं बंधन नाही. आणि आजच्या या साइट काडेपेटीहून फार मोठ्या नसतात. त्या नळीच्या अगदी जवळ खाली बसतात, म्हणजे आजोबांच्या उतरत्या दस्त्यावर गाल टेकतो तिथेच टेकून ठिपका दिसतो. झेंड्याचा खटकाही त्यांच्या मागे मोकळा फिरतो.

ठिपक्याचा आकार निवडताना एक माप ध्यानात ठेवावं. तो कोनाच्या मिनिटांत सांगतात, आणि एक मिनिट म्हणजे शंभर मीटरवर २.९ सेंटिमीटर. दोन मिनिटांचा ठिपका पन्नास मीटरवर २.९ सेंटिमीटर झाकतो, चार मिनिटांचा ५.८. डुकराच्या छातीपुढे दोन्ही लहानच. मोठा ठिपका लवकर सापडतो, लहान ठिपक्यानं लांबचं बारकाईनं दिसतं. मध्यम वयाच्या हाक्याच्या शिकाऱ्यानं मोठ्याकडे झुकावं. उजेड मात्र कमीच ठेवावा. ठिपका फार तेजस्वी केला की त्याच्याभोवती लाल धुरळा पसरतो आणि जनावराचा खालचा भाग, जो दिसायला हवा तोच, झाकला जातो. बर्फावर मंद ठिपका हरवतो, म्हणून जागेवर पोचल्यावर समोरच्या जमिनीकडे रोखून तो एकदा जुळवून घ्यावा. बॅटरीची पूर्वी मोठी चिंता असे. आज चांगली साइट एका बॅटरीवर वर्षानुवर्षं चालू राहते.

एका गटाला मात्र ही साइट त्रास देते. ज्यांच्या चष्म्यात सिलिंडरचा नंबर आहे, त्यांना ठिपका गोल दिसत नाही. स्वल्पविराम दिसतो, कधी फुटलेला तारा, कधी द्राक्षांचा घोस. बरेच जण साइट खराब म्हणून परत करतात. बंदूक पूर्ण रिकामी करून मोबाइलच्या कॅमेऱ्यानं ठिपक्याचा फोटो काढावा. फोटोत ठिपका गोल आला तर काच निर्दोष आहे, वाकडेपणा डोळ्याचा. लांबचा अचूक चष्मा लावूनच नेम धरला तर पुष्कळदा प्रश्न मिटतो. नाही मिटला तर एकपटीची दुर्बीण घ्यावी, कारण तिची फुली स्वतःच्या डोळ्याप्रमाणे मागच्या भिंगानं स्पष्ट करून घेता येते. खिसा हलका असेल तर छिद्राची मागची साइट हाही जुना आणि चांगला मार्ग आहे. कागदाला टाचणीनं भोक पाडून त्यातून चष्म्याशिवाय वर्तमानपत्र वाचून पाहा, अक्षरं अचानक उमटतात. तोच गुण त्या छिद्रात आहे. संध्याकाळी ते अंधारतं, एवढीच त्याची मर्यादा.

रात्रीचं काम वेगळं. जर्मनीत खुरांच्या मोठ्या जनावरांपैकी रात्री मारायला मुभा आहे ती रानडुकराला. चंद्रप्रकाशात मचाणावर बसणाऱ्यांची ठरलेली दुर्बीण म्हणजे ८×५६. छप्पन्नला आठनं भागलं की सात मिलिमीटर, एवढ्या जाडीची प्रकाशाची शलाका ती डोळ्यापाशी सोडते. अंधारात तरुण बाहुली सात मिलिमीटर उघडते, पण साठीची बाहुली पाचच्या आसपास थांबते. म्हणजे त्या जड, महागड्या काचेतला निम्मा उजेड साठीच्या माणसाच्या बाहुलीबाहेर बुबुळावर पडून वाया जातो. त्याला लहान, हलकी काचही जवळजवळ तेवढंच दाखवेल. हे दुकानात सहसा कुणी सांगत नाही. मचाण आणि हाका दोन्ही करायचे असतील तर काढता-घालता येणारी बैठक आणि दोन साइट हाच मार्ग. एकाच काचेकडून दोन्ही कामं घ्यायला गेलं की दोन्ही अर्धवट होतात.

बैठक बसवण्याआधी हात आखडता घ्यावा असं एक ठिकाण आहे: ड्रिल. जुन्या माउझरच्या यंत्रणेचं पोलाद आतून मऊ आणि वरून कडक कवचाचं असतं. भोक पाडताना ड्रिल त्या कवचावरून घसरतं. लष्करी रायफलच्या पाठीवर काडतुसांची पट्टी आत ढकलण्यासाठी उंचवटा असतो. तो घासून सपाट केला की कवच जातं आणि खालचं मऊ लोखंड उघडं पडतं. मूळ अवस्थेतली रायफल असेल तर चार भोकांनी तिची किंमतही निम्म्यावर येऊ शकते. अशा वेळी नळीवरच्या मागच्या खाचेची जी जागा आहे तिच्यावरच लाल ठिपक्याची बैठक चढवता येते. एकही भोक न पाडता. साइट डोळ्यापासून लांब गेली तरी ठिपक्याला त्याचं काही नाही. आपल्या गिऱ्हाइकाला कारागीर बहुधा हेच सुचवतो, आणि खाच जपून डबीत घालून देतो.

मग रेंजवर जाणं. आधी पंचवीस मीटरवर, मग शंभरावर नेम जुळवायचा. बैठकीचे स्क्रू ९.३ च्या धक्क्यानं सैल होतात, म्हणून पहिल्या वीस गोळ्यांनंतर ते पुन्हा तपासायचे. पण टेकूवरचा नेम हाक्यात फारसा कामाला येत नाही. जर्मनीत त्यासाठी शूटिंग-सिनेमा असतात, जिथे पडद्यावर धावत्या डुकरांवर सराव करता येतो. सरकत्या डुकराच्या चित्रावरची नेमबाजी १९७२ ते १९८८ ऑलिम्पिकमध्येही होती. वेगवान फेरीत चित्र पन्नास मीटरवर दहा मीटरची फट अडीच सेकंदांत ओलांडायचं. म्हणजे सेकंदाला चार मीटर. खरं डुक्कर त्याच्या दुप्पट.

शेवटची तपासणी दुकानातच होते. कारागीर रायफल रिकामी असल्याची खात्री करतो, एकदा स्वतः, एकदा गिऱ्हाइकाकडून. मग त्याला भिंतीवरच्या एका खुणेकडे बघायला सांगतो, डोळे मिटायला सांगतो, आणि मिटल्या डोळ्यांनीच रायफल खांद्याला लावायला. गाल लाकडावर टेकतो. लहानपणी वडिलांनी टेकवायला शिकवला होता तसाच. "आता उघडा," कारागीर म्हणतो. म्हातारा डोळे उघडतो. ठिपका खुणेच्या दोन बोटं डावीकडे आहे, पण काचेच्या मधोमध, स्पष्ट आणि गोल. तो रायफल खाली घेतो, आणि न सांगता पुन्हा डोळे मिटतो.